चौसष्टची पट्टी

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

जयसिंगपूर
९ जुलै २००१

चि. तम्मा वीरेश,
अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल शुक्रवारी पोचलं. खोकं चपलांच्या जोडाएवढं आणि आत बोटभर पट्टी. ह्यांच्या आई, आमच्या आत्ती, अंथरुणावरनं बघत होत्या. म्हणाल्या, "एवढ्याशा तुकड्यासाठी पुण्यास्नं पार्सल व्हय?" मी म्हटलं, ही कॉम्प्युटरची मेमरी आहे, चौसष्टची. दिवाळीत तू शब्द दिला होतास तो विसरला नाहीस, याचं बरं वाटलं.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. वायर काढली, हात आधी लोखंडी कपाटाला लावले, जुन्या बत्तीसच्या पट्टीशेजारी नवी दाबून बसवली. मशीन सुरू केल्यावर पडद्यावर शहाण्णव मोजलं. दोन दिवस असं पळालं की मलाच खरं वाटेना. एरवी कुणाच्या लग्नपत्रिकेवर गणपतीचं चित्र टाकलं की आत्तींना औषध देऊन येईपर्यंत ते उमटायचं.

तिसऱ्या दिवशी मात्र एकदम सगळा पडदा निळा झाला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत "फेटल एक्सेप्शन ओ-ई" आणि पुढं आकड्यांची माळ. काही दाबलं तरी हलेना. बटण बंद करून परत चालू केलं. काल दोनदा झालं, आज सकाळपासून तीनदा. सेव्ह केलं नव्हतं तेवढं दर वेळी गेलं.

एरवी मी गप्प बसले असते, पण आता एक मोठं काम घेतलंय. बाहुबली आण्णा तुला आठवत असतील, पोस्टातनं रिटायर झालेले, सायकलवरनं फिरणारे. नऊ वर्षं ते गावोगाव हिंडून रक्तदात्यांची नावं जमवतायत. एकेकाचं एक कार्ड: नाव, गाव, रक्तगट, फोन. बिस्किटांच्या सहा डब्यांत अकराशे चाळीस कार्डं झाली आहेत. कुणाला रक्त लागलं की लोक आण्णांच्या दारात येतात आणि आण्णा डबे उघडून बसतात. आता त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. त्यांना यादी छापून दवाखान्यांत आणि गावच्या चावड्यांत वाटायची आहे, दोन ऑक्टोबरला. टायपिंग माझ्याकडं आहे.

काय करू ते लगेच कळव.

तुझी
अक्का

*

पुणे
१७ जुलै २००१

ती. अक्का,
शरणु शरणार्थी.

घाबरू नकोस. नवीन मेमरी घातली की सुरुवातीला असं होतं कधी कधी. बहुतेक पट्टी नीट बसली नसेल. परत काढ. तिच्या कडेला सोनेरी दात असतात, ते शाळेतल्या खोडरबरनं हलके घास, फुंकर मारू नकोस (थुंकी उडते), सुक्या कापडानं पूस आणि घट्ट बसव. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या आपोआप मिटल्या पाहिजेत. तरी झालं तर दोन्ही पट्ट्यांच्या खाचा बदल.

दुसरं म्हणजे तुमच्याकडची लाइट. सूतगिरणीचा भार सुरू झाला की व्होल्टेज पडतं, असं भाऊजीच मागं म्हणाले होते. स्टॅबिलायझर आहे का? नसेल तर आधी ते बघ.

मी बरा आहे. काम खूप आहे. ऑफिसात फोन करू नकोस, नवीन साहेब खाजगी फोनला रागावतात. पत्र खोलीच्याच पत्त्यावर टाक.

तुझा
वीरेश

*

जयसिंगपूर
२ ऑगस्ट २००१

चि. तम्मा,
आशीर्वाद.

घासली. पुसली. खाचा बदलल्या. खिट्ट्या मिटल्या. ह्यांनी गिरणीतल्या वायरमनला आणून स्टॅबिलायझर जोडून घेतला. त्यानं आर्थिंग तपासलं आणि म्हणाला, "वैनी, लाइट झ्याक हाय. रोग आत हाय."

रोग आत हाय हे मलाही कळतंय, पण कुठं ते कळत नाही. कधी चार तास काही होत नाही. मग आत्तींना कुशीवर वळवायला जावं आणि परत येऊन बघावं तर निळं. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना तासातासाला वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखम होते. एक बाई वळवायची आणि एक मशीन उठवायचं, दिवसभर एवढंच चाललंय. हे गिरणीतनं आल्यावर विचारतात, "आज किती झाली?" मी नावं सांगते. पंचवीस, कधी तीस. काल बारा.

तम्मा, एक विचारते. तुझी पट्टी काढून ठेवली आणि जुन्या बत्तीसवरच काम केलं तर? हळू होईल, पण आधी ते कधी पडत तरी नव्हतं. मला यातलं कळत नाही, म्हणून तुला विचारल्याशिवाय हात लावत नाही.

आण्णा दर सोमवारी येतात. सायकल भिंतीला लावून दारातच उभे राहतात. "झालं का?" विचारत नाहीत. "बाई, डोळ्यांस्नी जपा," एवढंच म्हणतात. त्यानं जास्त लाजल्यासारखं होतं.

माहेरी हातकणंगल्याला जाऊन अव्वाला भेटून आले. तुझी चौकशी करत होती. पत्र टाक तिला.

तुझी
अक्का

*

पुणे
१३ ऑगस्ट २००१

ती. अक्का,
शरणार्थी.

पट्टी काढू नकोस. यादी मोठी आहे, बत्तीसवर ती उघडताना मशीन गुदमरेल. पट्टीला काही झालेलं नाही, मी स्वतः तपासून पाठवली आहे. दोष विंडोजमध्ये असणार. जुन्या फायली साचून अशी गत होते. सोबत सीडी पाठवतो आणि कागदावर पायरी पायरीनं लिहिलंय. आधी तुझं काम फ्लॉपीवर उतरवून घे, मग सगळं पुसून विंडोज नव्यानं घाल. दोन तास लागतील. व्हायरस शोधायची फ्लॉपी पण ठेवली आहे, ती आधी चालव.

प्रत्येक नावानंतर सेव्ह करत जा, म्हणजे पडलं तरी एकच नाव जाईल.

आत्तींना नमस्कार. अव्वाला लिहितो.

वीरेश

*

जयसिंगपूर
१२ सप्टेंबर २००१

चि. तम्मा,
आशीर्वाद.

बरेच दिवस लिहिलं नाही. तुझ्यावर रागावले नव्हते, हात रिकामा नव्हता. तुझ्या पत्रात "पट्टी काढू नकोस" एवढं ठासून लिहिलंस की वाटलं, माझ्या अडाणी प्रश्नांना तू कंटाळलास. म्हणून परत विचारलं नाही.

विंडोज नव्यानं घातलं. चार दिवस बरं चाललं, मग परत तेच. पण प्रत्येक नावाला सेव्ह करायची सवय लागली आणि परवा अकराशे चाळिसावं नाव यादीत पडलं. तानाबाई, दानोळीच्या. आण्णांना सांगितलं तर पहिल्यांदाच घरात येऊन बसले आणि आत्तींनी चहा करायला लावला.

एक गोष्ट मात्र विचित्र झाली. छापून बघितलं तर मध्येच भलतीच अक्षरं. फोन नंबरात आठाच्या जागी ते गणितातलं "पेक्षा लहान"चं चिन्ह, आडवा पडलेला व्ही. नवाच्या जागी "बरोबर"ची दोन रेघांची खूण. एकदोन ठिकाणी रक्तगट ए-च्या जागी ई. मी अशी अक्षरं कशाला दाबीन? पण दाबली असणार. डोळे दुपारपासून चुरचुरतात आणि बोटं आपोआप चालतात. दोन दिवस बसून असल्या सत्तेचाळीस चुका शोधल्या, कार्डं काढून दुरुस्त केल्या. आता एकही चिन्ह नाही. यादी स्वच्छ आहे.

शनिवारी छापायला देते. तीनशे प्रती. मग मी आठ दिवस मशीनचं तोंड बघणार नाही.

तुझी
अक्का

*

पुणे
६ ऑक्टोबर २००१

ती. अक्का,

काल फोनवर मी "यादी वाटू नकोस, पट्टी खराब आहे" एवढं म्हणालो, तू "वाटून तीन दिवस झाले" म्हणालीस आणि फोन ठेवलास. परत लावायचं धाडस झालं नाही. बूथवर मागं माणसं उभी होती आणि जे सांगायचं ते तसं उभ्यानं सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहितोय.

तुझं बारा सप्टेंबरचं पत्र मला काल मिळालं. ते जुन्या खोलीवर पडून होतं. खोली मी ऑगस्टच्या शेवटी सोडली, तुला कळवलं नाही. कारण ते कळवलं असतं तर बाकीचंही कळवावं लागलं असतं.

अक्का, माझी कंपनीतली नोकरी मार्चमध्ये गेली. आमच्यातल्या चौदा जणांना एकाच दिवशी बोलावलं. मी आता एका दुरुस्तीच्या दुकानात बसतो. लोकांनी परत आणून टाकलेले सुटे भाग निवडायचे, चालणारे एका खोक्यात, न चालणारे दुसऱ्या. तुझी पट्टी त्यातली आहे. मी ती मशीनला लावून बघितली, मशीन सुरू झालं, मी ती तुला पाठवली. "तपासली" म्हणालो ते एवढंच. नीट तपासायची तर रात्रंदिवस चालवून बघावी लागते.

तुझ्या पहिल्याच पत्रात मला शंका आली होती. दुसऱ्यात तू काढू का विचारलंस तेव्हा खात्रीच होती म्हण. पण पट्टी जुनी आहे म्हटलं की ती कुठून आली हे आलं. म्हणून खोडरबर, लाइट, विंडोज. तुला दोन महिने नाचवलं.

आता कामाचं. तू एकही चूक केलेली नाहीस. मशीनच्या पोटात एक अक्षर म्हणजे आठ दिव्यांची रांग, काही पेटलेले, काही विझलेले. त्या पट्टीत एका जागी एक दिवा विझतच नाही. तिथून आठ गेला की ते चिन्ह होऊन बाहेर येतं, नवाची बरोबरची खूण होते, ए-चा ई होतो. हे डोळ्याला दिसतं, म्हणून तुला सापडलं. पण तिथूनच शून्य गेला तर चार होतो, एकाचा पाच, दोनाचा सहा, तिनाचा सात. हे दिसत नाही. नंबर नंबरासारखाच राहतो, फक्त दुसऱ्या कुणाचा तरी होतो. सगळे नंबर बिघडलेले नाहीत, त्या जागेतून गेले तेवढेच. पण कुठले, ते मला इथं बसून सांगता येणार नाही. रक्तगट त्या मानानं सुरक्षित आहेत, बिघडले तर ई, एफ असे नसलेलेच गट होतात आणि ते तू दुरुस्त केलेस.

यादी परत गोळा कर. आण्णांना माझं नाव सांग. तू काल फोन ठेवलास तो राग बरोबर होता.

वीरेश

*

जयसिंगपूर
१४ ऑक्टोबर २००१

वीरेश,

मी फोन रागानं ठेवला नव्हता. तू काय म्हणतोयस ते मला तेव्हा धड कळलंही नव्हतं. माझ्या समोर खुर्चीवर एक माणूस बसला होता आणि त्याच्या हातात आमची यादी होती.

त्याचं नाव जोतीराम. नांदणीकडं शेतावर घर आहे. तीन तारखेला त्याची बायको बाळाबाई इथल्या दवाखान्यात बाळंत झाली, मुलगी. नंतर रक्तस्राव थांबेना. गट बी निगेटिव्ह. डॉक्टरांनी आदल्याच दिवशी वाटलेली यादी त्याच्या हातात दिली. आपल्या यादीत त्या गटाची अकरा नावं आहेत. तो बूथवर गेला. पहिला नंबर इचलकरंजीत एका तेलाच्या दुकानात लागला. दुसरा वाजतच राहिला. तिसऱ्याला एक म्हातारी म्हणाली, "असलं कुणी हितं न्हाय, बाबा." चौथ्याला असा नंबरच नाही असं ऐकू आलं. पाचवा लागला तर तो माणूस आठ दिवसांसाठी गोव्याला गेलेला. तेवढ्यावरनं त्याला वाटलं, ही यादीच खोटी आहे. पुढचे सहा त्यानं लावलेच नाहीत. त्यातले चार बरोबर होते, हे मी नंतर पडताळलं.

तो पळत आण्णांकडं गेला. आण्णांनी डबा उघडला नाही. त्यांना तोंडपाठ होतं, हातकणंगल्याला शालूबाई, अंगणवाडीची. रिक्षा करून तिला घेऊन आले. तिनं रक्त दिलं. पण तीन तास गेले होते.

बाळाबाई वाचली. मुलगी बरी आहे. पण गर्भाची पिशवी काढावी लागली. बाळाबाई तेवीस वर्षांची आहे. मी डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, लवकर रक्त मिळालं असतं तरी कदाचित काढावीच लागली असती. कदाचित. तो शब्द घेऊन मी घरी आले.

पाच तारखेला जोतीराम आमच्याकडं आला तो भांडायला नाही. यादीच्या तळाला टायपिंगखाली माझं नाव आहे, ते वाचून आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं नंबरावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ताई, ह्यो नंबर कुणाचा हाय? मला तेवढंच सांगा." मी कार्ड काढलं. कार्डावर एक होता, यादीत पाच. दुसरं काढलं. कार्डावर शून्य, यादीत चार. तेवढ्यात तुझा फोन आला.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, चूक माझी आहे. तो म्हणाला, "मग नीट करा की. आमचं झालं ते झालं. पुढचा कोन तर लावंल ह्यो नंबर." आणि यादी तिथंच ठेवून गेला.

तुझी नोकरी गेली, ते तू लपवलंस. ते मी समजू शकते. अव्वाच्या तोंडाला कुलूप नाही आणि पावण्यारावळ्यांत चर्चा होते. पण मी सरळ विचारलं होतं, पट्टी काढू का. तू नको म्हणालास. ते मला अजून गिळता येत नाही. आणि वर मी मूर्ख, दोन दिवस स्वतःच्या डोळ्यांना दोष देत बसले.

पट्टी मी काढली. मशीन गोगलगाईसारखं चालतं, पण पडत नाही. आण्णांनी सायकल काढून दोनशे चाळीस प्रती गोळा केल्या, साठ कुठं गेल्या ते कळत नाही. तुझं नाव त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "भाऊ हाय न्हवं तुमचा? मग बोलवा त्याला, एक वाचाया लागतंय, एक लिवाया."

म्हणून लिहिते. ये.

शिवलीला

*

पुणे
१८ ऑक्टोबर २००१

अक्का,

शनिवारी कोयना एक्सप्रेसनं येतो. दुकानातून दहा दिवस सुट्टी मागितली, दिली.

वीरेश

*

जयसिंगपूर
२ डिसेंबर २००१

चि. तम्मा,
आशीर्वाद.

तू गेल्यापासून घर रिकामं वाटतं असं लिहायला हवं, पण खरं सांगायचं तर मी पहिले तीन दिवस मिळेल तेव्हा झोपले. आत्ती स्वतःहून म्हणाल्या, "मी हाक मारत न्हाय, पड जरा." तू त्यांना उठवून खुर्चीत बसवायला शिकवलंस तेव्हापासून थोडा वेळ बसतात. तुझ्यावर अजून त्यांचा विश्वास आहे. माझा किती आहे ते तू विचारलं नाहीस, तेही बरं झालं. त्या दहा दिवसांत तू कार्ड वाचत होतास, मी पडदा बघत होते, मधे दुसरं काही बोलायला जागाच नव्हती. आकडा, आकडा, आकडा. सहाव्या दिवशी तुझा आवाज बसला आणि आण्णा वाचायला बसले, भिंग लावून. मला वाटतं, माझा राग त्या दिवसांत कधीतरी थकून गेला. निवला असं म्हणत नाही.

एकूण शहात्तर नंबर चुकलेले निघाले. तू गेल्यावर मी यादीतल्या प्रत्येक नंबरावर फोन लावला. पंधरा दिवस लागले. "मी जयसिंगपुरातनं बोलते, तुमचं नाव रक्तदात्यांच्या यादीत आहे, तुम्ही तेच न्हवं?" असं अकराशे वेळा. काही मेलेले निघाले, कार्डं जुनी होती. काही मुली लग्न होऊन गेलेल्या. ज्यांचा फोन शेजाऱ्यांकडं आहे, त्यांच्याकडं आण्णा सायकलवरनं जाऊन आले. नवीन यादीत एक हजार एकोणऐंशी नावं आहेत. साठ हरवलेल्या प्रतींपैकी छप्पन्न सापडल्या. चार अजून कुठंतरी आहेत.

तू अव्वाला नोकरीचं सांगून गेलास. ती आठ दिवस रडली आणि मग शेजारणीला सांगायला लागली की वीरेशचं स्वतःचं दुकान आहे. 

काल नवीन यादी घेऊन नांदणीला गेले. आण्णा येतो म्हणाले, मी एकटीच गेले. जोतीराम रानात होता. बाळाबाई ओट्यावर मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मी कोण ते सांगितलं. तिनं बसा म्हटलं, पाणी दिलं. मी मुलीकडं बघितलं. अंगानं भरलेली आहे, केस दाट आहेत. मला माफी मागायची होती. एसटीत बसून वाक्यंसुद्धा जुळवली होती.

पण मी यादीच पुढं केली. तिनं ती उघडली नाही. विचारलं, "आता तरी खरी हाय का?"

तम्मा, मला हो म्हणता आलं नाही. मी म्हटलं, प्रत्येकाला फोन करून बघितलंय. ती म्हणाली, "चला मग. बघू या."

मुलीला पदराखाली घेऊन ती पुढं आणि मी मागं. कोपऱ्यावर किराणा दुकानात फोन आहे. तिनं यादी उघडली, बी निगेटिव्हचं पान काढलं आणि डोळे झाकून बोट ठेवलं. दुकानदार बघत होता. मी एकेक आकडा दाबला. दोनदा चुकला, परत दाबला. घंटी वाजत राहिली. बाळाबाईनं रिसीव्हर माझ्या हातातनं घेतला आणि स्वतःच्या कानाला लावला.

पलीकडनं कुणीतरी बोललं. तिनं यादीतलं नाव वाचून विचारलं, "तुमीच का?" मग थोडं ऐकलं. मग म्हणाली, "न्हाय, न्हाय, आता काय लागत न्हाय. आसंच बघितलं." आणि ठेवला.

यादीची घडी करून तिनं कमरेला खोचली. "बरं," म्हणाली. "एसटी पाचची हाय तुमची. तवर भाकरी खाऊन जावा."

मी जेवले. पाचच्या एसटीनं आले.

अक्का